गॅरेजात गार, रस्त्यात गरम

माझ्या गाडीचा ए.सी. ढोंगी आहे, असं मी वर्षभर येईल-जाईल त्याला सांगत होतो. आचऱ्याहून निघालं की सुरुवातीला गारेगार. अर्धा-पाऊण तास गेला, ऊन चढलं, की हवा कोमट व्हायची आणि थोड्या वेळाने नुसता पंखा घरघरत राहायचा. पण ज्या दिवशी ही तक्रार घेऊन कसालच्या गॅरेजात जायचं, त्या दिवशी घरापासून गॅरेजच्या दारापर्यंत असा थंड, की काचेवर वाफ धरावी.

गाडी जुनी हायब्रिड. अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी बॅटरीवर. मुंबईतली नोकरी संपताना ऑफिसातल्या एका मित्राकडून घेतली. बॅटरीवर असताना ती आवाजच करत नाही. गावात त्याचं भारी कौतुक झालं, पण मला नंतर नंतर ते खटकायला लागलं. मी घरी आलो हे कुणाला कळतच नाही. शेजारचा कुत्रासुद्धा मान वर करत नाही.

मला एकट्याला ए.सी.ची गरज नव्हती. खिडक्या खाली करायच्या, घाम पुसायचा, विषय संपला. ए.सी. हवा होता तो बायकोसाठी. निवृत्तीनंतर दोघांनी गावी राहायचं म्हणून आम्ही हे घर बांधलं. ओटा किती उंच हवा यावरून दोन दिवस भांडलोसुद्धा. मग मुलीला बाळ झालं आणि बायको तीन महिन्यांसाठी मुंबईला गेली. नात आता शाळेत जाते.

बायकोला गाडी लागते. कुडाळ स्टेशनवरून घरी येईपर्यंतची वळणं तिला बसून सोसत नाहीत. म्हणून मी मागच्या सीटवर तिच्या जुन्या साड्यांची गोधडी दुहेरी घडी करून घालतो, दाराच्या बाजूला उशी लावतो आणि पुढच्या सीटच्या पाठीवरच्या खिशात एक लिंबू ठेवतो. ती आडवी होते, लिंबू नाकाशी धरते आणि डोळे मिटून माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवते. पहिल्या वर्षी ती तीनदा आली, पुढे दोनदा, मग एकदा. अंथरूण मी काढलं नाही. काढायचं म्हणजे ती आता येत नाही हे स्वतःशी कबूल करायचं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. लिंबू सुकलं की तेवढं बदलत होतो.

मागच्या मे महिन्यात ती पहिल्यांदाच भर उन्हाळ्यात आली आणि मालवणच्या अलीकडेच ए.सी. बसला. ऊन मी म्हणत होतं. गाडी तीनदा थांबवावी लागली. घरी पोचल्यावर ओट्यावर बसून तिने तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "ह्यो ए.सी. बरो करून घेवा. नायतर मी काय परत येवची नाय." बोलली थट्टेतच, पण मी ते मनावर घेतलं. ए.सी. दुरुस्त झाला की ती येणार, एवढं सरळ गणित मी मांडलं आणि त्याच्या मागे लागलो.

गॅरेजवाला माणूस चांगला आहे, घाई करत नाही. त्याने गॅस तपासला, फिल्टर बदलला, पुढची जाळी पाण्याने धुतली. प्रत्येक वेळी माझ्याबरोबर हायवेवर लांब चक्कर मारली. ए.सी. शहाण्या मुलासारखा चालायचा. शेवटी तो म्हणाला, "काका, गाडी बरी आसा. तुमकाच उगाच गरम होता." मी चिडलो. उलट बोललो. मग परत येताना मलाही वाटायला लागलं, की एकटं राहून राहून डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?

एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. गॅरेजला जायच्या आधी मी गोधडी-उशी काढून घरात ठेवत असे. तो मागे बघणार आणि विचारणार, "काका, गाडयेत झोपतास की काय? काकी खंय आसत?" त्याला काय उत्तर द्यायचं? परत आलो की पुन्हा अंथरूण घालत असे.

यंदा मार्चमध्ये शेजारची वहिनी म्हणाली, की तिला कसालला बहिणीकडे सोडा. मी सवयीने अंथरूण काढलं. आज गोधडी धुवून टाकू म्हणून दोरीवर वाळत घातली. वहिनी फणस घेऊन मागे बसली. अर्ध्या वाटेवर तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला. "बंद करा हो ता! माका हिंव लागला." मी आरशातून बघत राहिलो. तिला सोडून एकटाच परतलो, ऐन दुपारी, तरी गाडी थंडच. दुसऱ्या दिवशी वाळलेली गोधडी जागेवर घातली, उशी लावली, मालवणला मासे आणायला गेलो. येताना हवा कोमट.

मी गाडी माडांच्या सावलीत थांबवली. बंद न करता मागे जाऊन बसलो. उशीच्या पलीकडून, सीटच्या कडेतून, घूं घूं आवाज येत होता. उशी हलवली. मागे एक छोटी जाळी होती आणि उशीचा अभ्रा तिच्यावर ओढून धरल्यासारखा चिकटला होता. मी हात लावला. आत हवा खेचली जात होती.

मी पुढच्या खणातलं गाडीचं माहितीपुस्तक काढून वाचलं. हायब्रिडची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठी असते. गाडीतली थंड हवा त्या जाळीतून ओढून ती स्वतःला गार ठेवते. जाळी बुजली की बॅटरी तापते आणि तिच्यावरचा भार कमी करायला गाडी आधी ए.सी. आवरता घेते. मागच्या मे महिन्यात बायको त्याच उशीवर डोकं टेकून पडली होती. तिला त्रास होऊ नये म्हणून घातलेल्या अंथरुणानेच तिचा जीव हैराण केला होता. मला हसू आलं. खूप दिवसांनी मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो. घरी जाऊन कधी एकदा बायकोला फोनवर सांगतो असं झालं होतं.

फोन लावला. "ए.सी. बरो झालो गो! बिघाड गावलो."

"खराच?" ती म्हणाली. मागे नातीचं कार्टून चालू होतं. मग म्हणाली, "ह्या मेत तिका पोहूक शिकवूक घातलला आसा. नेणार-आणणार कोण? आणि माझे गुडघे..." आवाज अडखळत होता. कुणी एखादी वस्तू मागितल्यावर ती कुठे ठेवली हे आठवत नसलेल्या माणसासारखा.

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "बरो झालो म्हणजे, खात्री नाय अजून. परत बिघडात तो."

"मगे आधी नीट करून घेवा," ती पटकन म्हणाली. "घाई कित्याक? मगे बघूया." आणि तिचा आवाज मोकळा झाला. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. ओट्यापुढची जास्वंद फुलते का, मी रात्री जेवतो की चहा पिऊन झोपतो, सगळं तिने विचारलं.

फोन ठेवल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. मला वाईट वाटलं, रागही आला, पण तिचा नाही. तिचं घर आता तिथे आहे आणि हे मला सांगायची तिची छाती होत नाही. माझीही ऐकायची होत नाही. वर्षभर आम्ही दोघांनी त्या बिचाऱ्या ए.सी.वर भार टाकला होता, आणि मी मूर्खासारखा तो दुरुस्त करून बसलो.

सकाळी मी गोधडी पुन्हा घातली. उशी होती तशी, जाळीला टेकवून लावली. खिशातलं लिंबू बदललं. मालवणहून परतताना हवा कोमट झाली, तशा खिडक्या खाली केल्या.

बायको आता दर रविवारी फोनवर विचारते, "ए.सी. कसो आसा?"

मी सांगतो, "अजून तसोच."

मग आम्ही दोघंही निवांत बोलतो.