संक्रांतीतला नाताळ

आमचे बाबा जंगलखात्यात नाकेदार होते. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती, आणि आमचं गाव चामोर्शीच्या वाटेवर. बाबांची नेमणूक मात्र अहेरीकडच्या दाट जंगलात. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्यामुळे नाताळ करायचा म्हणजे आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ, एवढ्यांनीच करायचा.

गंमत अशी की नाताळ आला की बाबांची रजा हमखास रद्द व्हायची. मोठे साहेबलोक नाताळच्या सुट्टीत शिकारीला जंगलात यायचे. त्यांचे तंबू, त्यांचं पाणी, शिकार उठवणारे त्यांचे हाकेवाले, सगळं नाकेदारानं बघायचं. साहेबांनी सण साजरा करावा म्हणून आमच्या घरचा सण बुडायचा. मला या साहेबांचा मनस्वी राग यायचा, आणि अजूनही पुरता गेलेला नाही.

बाबा येत नसत, म्हणून गाठोडं पाठवत. मोटारीचा ड्रायव्हर ते वेशीपाशी उतरवून जायचा. आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो. पण एका वर्षी आईनं ते आमच्या हातातून काढून घेतलं आणि थेट छताखालच्या पाटईवर ठेवून दिलं.

"तुमचे बाबा येतीन तवा नाताळ," ती म्हणाली.

गाठोड्यात माझे जोडे होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात बाबांनी माझ्या पावलाएवढी बांबूची कमची तोडून बरोबर नेली होती. तालुक्याला गेल्यावर तेच माप दुकानदारापुढे ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. मी रडले, जेवले नाही, नंतर भूक लागली म्हणून जेवले. आई ढिम्म.

पंचवीस तारखेला पहाटे तिनं आम्हाला आंघोळी घालून प्रार्थनेला बसवलं. पवित्र शास्त्रातला येशूच्या जन्माचा भाग वाचला, गाणी म्हटली. देवाचं त्या दिवशी काही चुकवलं नाही. मात्र गोडधोड नाही, गाठोडं नाही, आणि दारातल्या कागदी चांदणीत दिवाही नाही. तिन्हीसांजेला चर्चचे पाळक सायकलनं आले. विझलेली चांदणी बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, नाताळ का तुमच्या सोयीनं येते?"

"येशूच्या जल्माले राजे भेटी घेऊन मागून आले," आई म्हणाली. "पयले मायबापच जवळ होते."

पाळकांनी यावर चहा मागितला.

बाबांसाठी राखून ठेवलेल्या करंज्यांचा डबा तेवढा त्यांची वाट बघत थांबला नाही. तो कोणी संपवला ते आईला ठाऊक होतं. ती नव्यानं तळायला बसली.

बाबा आले ते ऐन संक्रांतीला. आईनं लगेच चांदणीत दिवा लावला. शेजारच्या काकूंचं घर तळ्यातल्या मासोळीवर चालायचं. त्या तिळाचे लाडू घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"आज काऊन लावला वं दिवा?"

"आज नाताळ हाय," आईनं सांगितलं. काकूंनी लाडू दिले, करंज्या घेतल्या आणि आमच्यात बसून गाणी ऐकली. बाबांचा आवाज बेसूर होता, पण तो घरात होता. मला इतका आनंद झाला होता की गाठोड्याची आठवण भावालाच करून द्यावी लागली.

जोडे तांबडे, चकचकीत. बाबांनी स्वतः माझ्या पायात घालायला घेतले. टाच काही आत जाईना. त्यांनी खिशातली कमची काढून माझ्या तळव्याला लावली. अंगठा चांगलाच बाहेर. बाबा कमचीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"पोरगी मोठी होऊन राह्यली," ते आईला म्हणाले, "अन् मले पत्ताच नाई."

जोडे भावाला पुढेमागे होतील म्हणून ठेवले. कमची बाबांनी चुलीत टाकली.

पुढच्या नाताळला गाठोडं आलं नाही. चोवीसच्या दुपारी मोटार थांबली आणि तीतून बाबाच उतरले, रिकाम्या हातांनी.

"साहेबानं सोडलं कसं?" आईनं विचारलं.

"त्याले म्हटलं, पोरीचा पाय पाहाले जायचं हाय. तो म्हणे, का झालं पायाले? म्हटलं, मोठा झाला."

साहेब त्यावर किती वेळ हसला, ते बाबांनी करून दाखवलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं पाऊल आपल्या तळहातावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. त्या वर्षी चांदणीतला दिवा वेळेवर लागला.