उत्तरासाठी सोडलेली जागा

मार्था अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भडगावला, माहेरी होते. वहिनी भाकरी थापत होती आणि मी गवार मोडत बसले होते. शेजारचा प्रमोद एवढंच म्हणाला, “काकू, अक्का गेल्या. सकाळी दार उघडलं नाही, म्हणून आम्ही आत गेलो.” मी सगळी गवार मोडून झाल्यावर रडले... आधी रडूच येईना.

आमची आणि त्यांची भिंत एकच. मी लग्न होऊन चाळीसगावला आले तेव्हापासून अक्का आणि त्यांचे थोरले भाऊ योसेफ नाना शेजारच्या दोन खोल्यांत राहत होते. दोघंही बिनलग्नाचे. नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, अक्का दवाखान्यात नर्स. गावात कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे एकमेकांना तेच दोघं. नानांना भरीत आवडतं म्हणून अक्का ड्यूटीवरून दमून आल्या तरी वांगी भाजायला बसत. पण दिवेलागण झाली की या दोघांचं जमत नसे.

भांडण होतं ते रोमच्या धर्मपरिषदेवरून. त्यांच्या तरुणपणी जगभरचे बिशप तिथे जमले होते, आणि त्यानंतर चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. नाना म्हणाले, ही परिषद मला बंधनकारक नाही, वाडवडिलांची प्रार्थना मी टाकणार नाही. त्यांनी चर्चची पायरी चढणंच सोडलं. अक्का म्हणायच्या, “पोप आणि सगळे बिशप मिळून जे शिकवतात ते मला बंधनकारक आहे. आवडो न आवडो.” गंमत म्हणजे लॅटिनची ओढ नानांपेक्षा अक्कांनाच जास्त. रविवारी मराठी मिस्सेहून परतल्या की जुनं लॅटिन प्रार्थनापुस्तक नुसतं चाळत बसायच्या.

नाना रोज संध्याकाळी वडिलांनी शिकवलेली लॅटिन प्रार्थना म्हणत. एकानं मारियामातेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी दर वेळी ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, असं उत्तर द्यायचं. लहानपणी हे उत्तर अक्का देत. आता नाना नाव घेत, उत्तरापुरते थांबत आणि मग पुढचं नाव घेत. अक्का आत चुलीपाशी ओठ मिटून उभ्या. उत्तर दिलं तर परिषद बंधनकारक नाही हे नानांचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल, असं त्यांनी मनाशी धरलेलं. भिंतीपलीकडून ते थांबणं मला ऐकू यायचं आणि माझाच जीव कासावीस व्हायचा. माझ्या सासूबाई कपाळावर हात मारून म्हणत, “एक घर, एक देव, अन् बोलनं नही! बठ्ठं उलटंच शे माय यासनं.”

मी एकदा न राहवून म्हटलं, “अक्का, द्या की एकदा उत्तर. तेवढ्यानं काय बिघडणार आहे?”

“तुझं बरंय सुलू,” त्या म्हणाल्या. “तुला कुणाला उत्तर द्यायचं नाहीये.”

नानांचा सुंभ जळला तरी पीळ जळला नाही. नाना वारले त्याच्या आदल्या संध्याकाळीही खोल गेलेल्या आवाजात ते नाव घेऊन थांबत होते... जरा जास्तच थांबत होते.

पुढे धुळ्याहून एक नवे फादर अक्कांच्या भेटीला आले. मी चहा घेऊन गेले होते. बोलता बोलता अक्का अभिमानानं म्हणाल्या, “परिषदेनं लॅटिन बंद केलं, मी त्या दिवसापासून तोंडातून काढलं नाही.” फादर गोंधळले. “बंद कुठे केलं, अक्का? परिषदेनं तर लॅटिन जपा म्हटलंय. लोकांच्या भाषेला मोकळीक दिली, इतकंच. आणि घरच्या प्रार्थनेला तर कुणाचीच मनाई नव्हती.”

अक्कांनी कप खाली ठेवला. “म्हणजे मी भावाला उत्तर दिलं असतं तर चाललं असतं?”

“चाललं असतं.”

फादर गेल्यावर त्या म्हणाल्या, “परिषद बंधनकारक होती गं, आजही आहे. पण ती म्हणाली काय, ते आम्ही दोघांनी कुणाला विचारलंच नाही. तो नाही म्हणत राहिला, मी हो म्हणत राहिले.” मला दोघांचाही भयंकर राग आला. शिकलीसवरलेली माणसं, आणि आयुष्यभर एका घरात एकेकटी राहिली! पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी कप उचलले आणि विसळायला नेले.

त्या संध्याकाळपासून भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज येऊ लागला. फक्त उत्तरं. मध्ये नाना नाव घेत तेवढा वेळ थांबायचं आणि मग ‘ओरा प्रो नोबिस’. मला ते ऐकवेना. एक दिवस मी सरळ जाऊन नानांच्या खुर्चीत बसले. अक्कांनी मला ‘सांक्ता मारिया’पासून सगळी नावं शिकवली. माझी जीभ ठिकठिकाणी अडखळायची, आणि त्या हसून म्हणायच्या, “असू दे, मारियामातेला खानदेशी कळतं.” भडगावला निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळीही आम्ही बसलो होतो.

आता त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. नानांची खुर्ची तिथेच आहे. दिवेलागणीला मी जाऊन बसते. ‘सांक्ता मारिया’ म्हणते आणि थांबते.