काच निवेपर्यंत

२०११ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि रत्नागिरीतल्या एका लहान कारखान्यात लेथ चालवायचो. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण दोन डिप्लोमावाले माझ्या हाताखाली शिकून गेले, हे सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.

साळवीबाई तिथं काचेचे दांडे घासायच्या. भरीव, गोल, मनगटाएवढे जाड, वीतभर लांब. कुरुंदाची भुकटी आणि पाणी घेऊन दिवसचे दिवस घासत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या दांड्यातून उजेड सोडला की भिंतीवर त्याची सरळ रेघ पडायची. दांडा उभा बसवायची लोखंडी चौकट मी करायचो.

घासलेला दांडा बाई सपाट लोखंडी लादीवर उभा करत आणि अर्धा तास कुणाला शिवू देत नसत. हाताच्या उबेनं काच फुगते, ती निवल्याशिवाय माप खरं येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी तो सहज उचलला.

"झालं, काका? मोडलात माझा अर्धा तास! जा, चाय पिऊन या आता."

"काच आहे की बाळंतीण?"

"बाळंतीण परवडली वो. ती ओरडते तरी!"

बाई अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेल्या. वडील तिथं फिटर होते, हात त्यांचाच. नवरा लवकर गेला, मुलगी कॉलेजात, घर बाईंच्या पगारावर. आता बाईही नाहीत, चार वर्षं झाली. डबा खाताना माशाचा काटासुद्धा उजेडात धरून बघत. "डोळ्याला पटलं म्हणजे खरं झालं नाय, काका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते लागायचं. मी डोळ्यावरच जगलो होतो.

डोळ्यावर, आणि माझ्या गुण्यावर. काटकोन तपासायचा तो पोलादी गुण्या मी तरुणपणी स्वतः कानशीनं घासून केला होता. कारखान्यातलं प्रत्येक काम त्याला लावून बघितलं जाई. त्याला कुणी तपासावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग एका शनिवारी पुण्याहून माल परत आला. उजेडाची रेघ तिरकी पडते म्हणाले. मालकांनी मला विचारलं, "चूक कुणाची? काचेची की चौकटीची?" मी दांडा लादीवर उभा केला, गुण्या भिडवला. दोघांच्या मधून, वरच्या बाजूला, केसाएवढा उजेड दिसला. "काच वाकडी," मी म्हटलं. मालकांनी बाईंना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

बाई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "काका, थोडं थांबा. तुम्ही हात लावलात, काच निवू दे." नोकरी गेलेली, आणि ही बाई स्टुलावर बसून काच निवायची वाट बघत होती! मला हसू आलं होतं, ते मी दाबलं.

अर्ध्या तासानं त्यांनी गुण्या भिडवला, मागं दिवा धरला. फट वरच. मग रुमालात धरून दांडा जागच्या जागी अर्धा फिरवला. फट वरच.

"काच वाकडी असती, तर आता ती दुसऱ्या अंगाला कलली असती. फट खाली आली असती. आली?"

मी वाकून फटीला डोळा लावला. त्यांनी पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. वाकडा माझा गुण्या होता, म्हणून त्याच्यावर बेतलेली चौकट तिरकी होती. किती वर्षांची कामं तिरकी होती, कोण जाणे.

"मालकांना तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाय. आणि गुण्या तुमचा हाय. सांगायचं की नाय, ते तुम्हीच बघा." पिशवी उचलून बाई बसस्टॉपकडं गेल्या.

घरी मी ते कुणाला सांगितलं नाही. जेवलो मात्र कमी.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मालकांना फोन करून बोलावलं आणि त्यांच्या आधी पोचलो. लादी पुसली, बाईंचा दांडा उभा केला, शेजारी माझा गुण्या ठेवला, दिवा लावला. मालक आले, विचारलं, "काय दाखवताय?" आणि दांड्याकडं हात नेला.

मी तो हात धरला. म्हटलं, "शिवू नका. अजून दहा मिनिटं आहेत."