आत्याचा खण

आत्याच्या खणाला वाळवी लागली नव्हती.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वडील ते न ऐकताच गेले. बायकोला सांगावं असं दोन-चार वेळा मनात आलं, आणि दर वेळी मी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं आणि विषय तिथेच राहिला. जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं ती आत्या, मी हे लिहितो आहे तिथून हाकेच्या अंतरावर बसून वालाच्या शेंगा सोलते आहे.

आमचं मूळ गाव आता पाण्याखाली आहे. लोणावळ्याच्या बाजूला धरणांची कामं निघाली तेव्हा मी विशीत होतो आणि स्टेशनच्या मालधक्क्यावर नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. गावात मोजणीवाले आले, खुंट्या ठोकून गेले, आणि पाणी कोणाच्या दारापर्यंत येणार आणि कोणाच्या छपरावरून जाणार ते सगळ्यांना कळलं. काही घरं मुंबईला गेली. आमच्या वडिलांनी भरपाईच्या पैशातून कुरवंड्याच्या वाटेवर एक उंचवटा घेतला आणि ओसरीवर बसून सांगून टाकलं, "घर हितं बुडू द्यायचं न्हाई. संगट न्यायाचं."

यात कोणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडचं घर म्हणजे सागाचा सांगाडा. भिंती मातीच्या, त्या पडतात, पुन्हा घालता येतात. खरं घर खांबांचं आणि तुळयांचं. पाचरी ठोकून काढल्या की सांधे सुटतात, लाकूड गाडीवर चढतं आणि नव्या जोत्यावर पुन्हा उभं राहतं. घर मोजायचं ते खणांवर. खांबांच्या दोन रांगांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं घर सहा खणांचं, आणि मावळतीकडचा शेवटचा खण आत्याचा.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. प्लेगात तिचा नवरा गेला आणि ती परत आली, तेव्हा वडिलांनी चार माणसं बोलावून त्यांच्या देखत सांगितलं होतं, "ह्यो खण हिचा. मी हाय तंवर बी आन् मी नसलो तरी बी." त्या खणाला खिडकी नव्हती. वारा लागत नाही म्हणून भावकीतल्या लेकी पहिलटकरणी झाल्या की तिथेच यायच्या. बाळंतपण आत्याच करायची. मी स्वतः तिथलाच. मधल्या तुळईला पाळणा टांगून टांगून दोरीने दोन खाचा पडल्या होत्या, बोट बसेल इतक्या खोल. आत्या त्या खाचांना दर दिवाळीला तेल लावायची.

घर हलवायचा खर्च काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला आकडे येत होते. वडिलांची रीत वेगळी होती. "गाड्या किती लागतील ते तू बघ," ते म्हणाले, "माणसं किती जेवतील ते मी बघतो." ते खरंच होतं. असल्या कामाला गाव इर्जिकीने यायचं. मजुरी कोणी घ्यायचं नाही, दोन वेळचं पोटभर जेवण तेवढं. त्या उन्हाळ्यात दर आठवड्याला कोणाचं तरी घर उतरत होतं आणि तीच माणसं या घराकडून त्या घराकडे जात होती. तेव्हा वडिलांचा खर्च ज्वारी, डाळ आणि बकऱ्यांचा, आणि माझा गाड्या, सुतार, गवंडी आणि खिळ्यांचा.

माझा पहिला अंदाज सपशेल चुकला. मी लोणावळ्याच्या सडकेचा दर धरला होता. ज्यांच्या गाड्या ठरवल्या ते चाचा स्टेशनात भाड्याची ओझी ओढायचे, बोलायला मोठे मजेशीर. माझा हिशेब ऐकून ते खाली बसले.

"बाबू, ही चढण तुमच्या रेल्वेची न्हाई. हितं दोन जोड्या लागत्यात."

"दोन कशाला?"

"एक वढायला. आन् दुसरी पहिलीला धीर द्यायला."

वडील हसले, मीही हसलो, आणि गाड्यांचा खर्च दीडपट झाला. तरीही पैसे पुरत होते, हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. सहाही खण नेता येत होते, पण छपरावर जुनी नळीची कौलं घातली तरच. पुरत नव्हती ती माझी हौस.

मालधक्क्यावर रोज मालगाडीच्या वाघिणींतून मंगळुरी कौलं उतरायची. लालभडक, एकात एक बसणारी कौलं. मी सही करायचो आणि ती खंडाळ्याच्या बंगल्यांना जायची. आमच्या घरात श्रावणात ओसरीभर भांडी मांडलेली असत, आणि दर वैशाखात वडील छपरावर चढून कौलं चाळत. वडिलांचं वय झालं, आता त्यांना चढायला लागू नये, असं मी मला सांगत होतो. तेही खोटं नव्हतं. पण कुरवंड्याच्या वाटेने बंगल्यातली माणसं डोंगराचा कडा बघायला जातात, त्यांना वाटेवरून आपलं लाल छप्पर दिसावं, ही खरी गोष्ट होती. एक खण कमी केला की जोतं आखूड होणार होतं, कौलं कमी लागणार होती, वर सागाचे पैसे हातात येणार होते. खंडाळ्याचा एक कंत्राटदार जुना साग शोधत धक्क्यावर रोज यायचा.

लाकडं तपासायला सुतार आला. म्हातारा, कामात पक्का, आणि त्याहून पक्का अभिमानात. तासणीच्या पाठीने तो प्रत्येक खांबावर ठोके मारी, कान लावी आणि "व्हय" किंवा "न्हाई" म्हणे. "व्हय"वर तो स्वतः पटाशीने खूण करी. "न्हाई"वर मी गेरूची फुली मारायची, म्हणजे ते लाकूड टाकून द्यायचं. दुपारपर्यंत दोनच फुल्या झाल्या, त्याही गोठ्यात. आत्याच्या खणात त्याने ठोकून "व्हय, व्हय" म्हटलेलं मी ऐकलं. खुणा जेवल्यावर करतो म्हणाला आणि अंगणात भाकरीला बसला. मी गेरूचं मडकं घेऊन आत गेलो आणि त्या खणातल्या प्रत्येक खांबावर, आणि मधल्या तुळईवर, फुली मारली.

जेवून येऊन तो फुल्यांकडे बघत राहिला.

"ह्ये म्या सांगितलं व्हय?"

"तुम्हीच तर," मी म्हणालो. "वाळवी आहे म्हणालात. आतून."

तो आता परत ठोकून बघणार, असं मला वाटलं. तेवढ्यात वडील आणि आत्या दारात आले, आणि आपण सांगितलेलं आपल्यालाच आठवत नाही हे चार माणसांत कबूल करणं त्या म्हाताऱ्याला जमलं नाही. त्याने लांबूनच खांबाकडे मान हलवली.

"व्हय. आतून पोकळ झालंय. नव्या घराला लावू नगा, बाकीचं खाईल."

वडील काळजीने म्हणाले, "मंग तिचा खण?"

"पैसे आले की नव्या सागाचा बांधू," मी म्हणालो. "जागा ठेवतो मावळतीला."

आत्याने तुळईवरच्या खाचांवरून हात फिरवला, हाताला गेरू लागला, तो पदराला पुसला. मग म्हणाली, "उंबरा दगडी हाय. दगडाला वाळवी लागत न्हाई. उंबरा तरी घ्या."

उंबरा घेतला.

घर उतरलं त्या दिवसाची आठवण मात्र सुखाची आहे, खोटं कशाला सांगू. सगळा गाव लोटला होता. खांब सुटला की आरोळी उठे, खाली बायका हसत असत. "आरं दमानं, बायकू न्हाई ती, तुळई हाय!" असं कोणी ओरडलं की वरचा गडी खालच्यांना शिव्या घाली. शेवटी चुलीतले निखारे मडक्यात घेऊन आत्या पहिल्या गाडीत बसली, कारण जुन्या चुलीचा विस्तव विझू न देता नव्या चुलीत न्यायचा असतो. सगळी चढण ती मडक्यात फुंकर घालत गेली आणि चाचांना म्हणत राहिली, "चाचा, बैलांना सांगा, घाई न्हाई. पर इस्तू इजला तर तुमचीच दाढी पेटवीन."

फुल्यांची लाकडं मागे राहिली होती. ती जाळायला म्हणून विकली असं मी घरी सांगितलं. ती कंत्राटदाराकडे न्यायलाही चाचाच आले. त्यांनी एक खांब उचलून पाहिला, तोलला, नखाने खरवडला.

"बाबू, वाळवी कुटं हाय?"

"आत आहे."

"आत आसंल तर मला काय दिसनार," ते म्हणाले आणि गाडी भरू लागले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. माझ्याशी थट्टा करणंही सोडलं.

लाल कौलं चढली. घर सुरेख झालं, अजूनही आहे. पहिल्या पावसाळ्यात कुठे थेंब गळला नाही, आणि वडील रात्री उठून सवयीने भांडी मांडायला निघायचे, मग आपलेच हसून परत झोपायचे. ते उरलेली वर्षं कोरड्यात झोपले. त्या छपराखाली माझं लग्न झालं, मुलं झाली. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. बहिणीचं दुसरं आमच्याकडे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लावून. आत्या तिथेच झोपायची, चुलीच्या उबेला. तिने तक्रार केली नाही. दगडी उंबरा तिने जोत्याच्या मावळतीकडे, जिथे खण व्हायचा होता तिथे उघड्यावरच टाकून घेतला आणि संध्याकाळी त्याच्यावर बसू लागली. उंबऱ्यावर बसू नये म्हणून आई एकदा रागावली.

"खोलीच न्हाई तर उंबरा कसला, वैनी?" आत्या म्हणाली. "दगड हाय ह्यो."

मला ते आत ऐकू आलं होतं.

खण बांधायचं राहतच गेलं. एका वर्षी बैल घेतला, एका वर्षी आई आजारी, मग माझी बदली कर्जतला. दर वेळी कारण खरं होतं.

बऱ्याच वर्षांनी, वडील गेल्यानंतर, आत्याला खंडाळ्याहून बोलावणं आलं. एका बंगल्याच्या माळ्याची बायको अडली होती. आत्या दोन दिवस राहून परतली, पोरगा झाला म्हणून खुशीत. मी जेवत होतो. ती समोर बसून मिशरी लावत सांगू लागली, बंगला किती मोठा, बाई किती बारीक, चहा किती गोड.

"आन् वऱ्हांड्यात एक तुळई हाय," ती म्हणाली. "तिला झोपाळा टांगलाय. दोन खाचा हायत, बोट जातंय. म्या घालून बघितलं."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"लय जुनी दिसती," ती म्हणाली. "पर ठणठणीत हाय. बंगल्याची पोरं दिवसभर झोके घेत्यात. बरं हाय. हालतंय काहीतरी तिच्यावर." मग तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. "आमटी घालू का?"

मी हो म्हणालो. तिने आमटी वाढली. तेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हाही मी बोललो नाही. तिला सगळं कळलं असेल, किंवा नुसतीच ओळख पटली असेल आणि विचार तिथेच थांबवला असेल. मला माहीत नाही. त्या दिवसानंतर तिची माया तसूभरही कमी झाली नाही, हेच मला जड जातं.

परवा माझ्या मुलीचा निरोप आला. ती सोमाटण्याला दिलेली, पहिलटकरीण, माघात येईल. आत्या आता थकली, बाळंतपणं करत नाही, पण ऐकताच उठून मावळतीकडे गेली आणि दगडावर बसली.

"पोरीला कुटं ठेवनार रं?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

"बघ," ती म्हणाली. "चुलीपाशी धूर लय आसतो. माझं ठीक हाय."

काल मी दोरी घेऊन त्या उंबऱ्यामागची जागा मोजली. लढाईमुळे साग मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. खांब ऐनाच्या लाकडाचे घालावे लागतील. छपराची कौलं गोठ्यावरची उतरवून भागतील. आत्या शेंगा सोलता सोलता बघत होती. दोरी कशाला, हे तिने विचारलं नाही. आज संध्याकाळी ती दगडावर येऊन बसेल तेव्हा सुताराचं नाव न घेता, वाळवीपासून सुरुवात करून, मला तिला सांगायचं आहे. मग खण बांधायचा आहे. यातलं अजून काहीच झालेलं नाही. चार माणसांच्या देखत दिलेला आत्याचा एक खण माझ्याकडे निघतो.