ओळीतलं तिसरं घर

सांगलीच्या गावभागात एका भाड्याच्या खोलीत मी नऊ वर्षं काढली. खोली नदीच्या अंगाला होती. कृष्णा चढायला लागली की मी ट्रंक आणि गादी माळ्यावर टाकायची, पायरीवर खडूनं रेघ मारायची आणि ड्यूटीवर जायची. संध्याकाळी परत आल्यावर रेघ दिसते की बुडाली ते आधी बघायचं. अशा खोलीचंही मला काही वाटत नव्हतं. पण घरमालकांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. ते सज्जन गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला जा म्हणवत नाही. पण पोराला संसार मांडायला खोली पाहिजे. वैशाखापर्यंत बघा."

मी बरं म्हटलं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. वय एकोणचाळीस. लहानपणी कोरेगावजवळच्या आमच्या गावी बैलगाडीतून पडून डावा पाय मोडला होता. गावच्या माणसानं तो बांधला, पण हाड आखूडच बसलं. पुढं दोन-तीन ठिकाणची माणसं बघायला आली, पोहे खाऊन गेली, आणि नंतर तो विषय घरात कुणी काढला नाही. वडील वारल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण माझ्या पगारात झालं. तो साताऱ्यात कचेरीत चिकटला, त्याचं लग्न झालं, त्यानं तिथं छोटं घर बांधलं. मी बदलीवर सांगलीत आले ती इथलीच झाले.

नवीन घरांची बातमी मला एक्स्चेंजमधल्या एका बाईनं दिली. एका हळदीच्या व्यापाऱ्यानं मिरज रस्त्याला विश्रामबागच्या पुढं शेत घेतलं होतं आणि त्यात एका ओळीत आठ बैठी घरं बांधायला काढली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं संडास. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. रविवारी मी बघायला गेले. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. चौकटीतून पलीकडचं शाळूचं रान दिसत होतं. शेठचे मुनीम छत्री टेकून उभे होते. म्हणाले, "बाई, आज ठरवा. सिमेंट परमिटवर आहे. पुढच्या महिन्यात हाच भाव राहील असं मी सांगू शकत नाही."

मी आज ठरवलं नाही. मला आधी रस्ता बघायचा होता.

बसथांब्यापासून त्या घरांपर्यंत कच्ची वाट होती. दोन पायांनी नीट चालणाऱ्या माणसाला दहा मिनिटांची. मी ती तीन वेळा चालून बघितली. एकदा मोकळ्या हातानं. दुसऱ्या रविवारी बाजार करून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. तिसऱ्यांदा संध्याकाळची पाळी करून, दिवा नसलेल्या वाटेवरून बॅटरी घेऊन. पिशव्या घेऊन गेले त्या दिवशी मला मध्ये दोनदा बसावं लागलं. बसायला दगड होते, हेही मी मनात टिपून ठेवलं.

त्यानंतर पुन्हा दिवसा गेले तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी मला हटकलं. मिरजेचे मुसलमान, पन्नाशीचे, दाढीत चुन्याचे ठिपके. जागेवरच पत्र्याच्या शेडमध्ये बायकोसह राहायचे. म्हणाले, "आवं बाई, तुमी घर बघायला येताय का वाट मोजायला?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, मग घरांच्या ओळीकडं.

"कुठलं घ्यायचं म्हनताय?"

"कोपऱ्यातलं. आठ नंबर. त्याची किंमत कमी आहे."

"कमी का हाय ते इचारलं का?" त्यांनी हातातल्या थापीनं खाली दाखवलं. "त्यो ओढा बघा. आता कोरडा दिसतोय. पावसाळ्यात तुमच्या पायरीला लागंल. नदीच्या पाण्याला भिऊन आला आन् ओढ्यात येऊन ऱ्हायला, असं व्हायचं. तीन नंबर घ्या. तितं लवकर मुरूम लागलाय, पाया बसलाय. बाकी सगळी काळी माती, उन्हाळ्यात फाटतीया, पावसात फुगतीया."

"हे शेठना कळलं तर?"

"कळू द्या की. शेठ घर इकून मोकळं व्हनार. भिंत तडकली की लोक मिस्त्रीला शिव्या देत्यात."

तीन नंबरचं घर कोपऱ्यातल्या घरापेक्षा अडीच हजारांनी महाग होतं. माझ्या प्रॉव्हिडंट फंडातलं काढून, खात्याचं कर्ज धरून, आठ नंबर बसत होतं. तीन नंबरसाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागणार होत्या. मी कागदावर मध्ये रेघ मारून दोन्ही बाजू लिहून काढल्या. डाव्या बाजूला वाट, दिवा नाही, पाणी विहिरीचं, दवाखाना लांब, दुकान लांब. उजव्या बाजूला पूर नाही, घरमालक नाही. उजवी बाजू दोन ओळींतच संपली. कागद बराच वेळ हातात धरून बसले, तिसरी ओळ काही सुचली नाही.

मग मी भावाला पत्र टाकलं. तो रविवारी साताऱ्याहून आला. त्याला मी सगळं फिरून दाखवलं, कागदही दाखवला. तो चौकटीत उभा राहून शाळवाकडं बघत राहिला.

"अक्का, हे पैसे साताऱ्याच्या घरावर लाव," तो म्हणाला. "वर माडी काढू. तुझी वेगळी खोली होईल. रिटायर झालीस की तिकडंच यायचं ना?"

"आणि तोवर?"

"तोवर सांगलीत कुठंतरी खोली मिळेलच की. एकटीला घर कशाला लागतंय?"

हे तो रागानं बोलला नाही. मायेनंच बोलला असेल. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. दिवाळीला त्याच्याकडं गेले होते तेव्हा माझी खाट पाहुण्यांना दिली होती आणि मी दोन रात्री देवघरासमोर सतरंजीवर झोपले होते. त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नव्हतं. त्या चौकटीत उभं राहून वाटलं. आणि मला वाटलं की माडीचं हे भावजयीनंच त्याच्या डोक्यात भरवलं असणार. नणंदेचे पैसे बाहेर जाऊ नयेत म्हणून.

"मी तीन नंबर घेणार आहे," मी म्हटलं.

बसमध्ये बसताना तो फक्त म्हणाला, "मग विचारलंस कशाला?" त्यानंतर त्याची पत्रं थांबली.

पाटल्या मोडल्या. खरेदीखत झालं. चैत्रात घर ताब्यात आलं. मी भटजींना विचारायला गेले तर ते म्हणाले, "वास्तुशांतीला जोडपं बसावं लागतं. भाऊ-भावजय बसतील ना?" मी साताऱ्याला पत्र टाकलं, तारीख कळवली. उत्तर आलं नाही. तरी त्या दिवशी सकाळी मी पाट मांडून ठेवले, दोन. साताऱ्याची गाडी सांगलीत कधी पोचते आणि तिथून शहर बस कधी मिळते, हे मला पाठ होतं. दोन गाड्या गेल्या. भटजी उन्हात घाम पुसत ओसरीवर बसले होते. शेवटी मीच त्यांना दक्षिणा देऊन पाठवलं.

मिस्त्रींची बायको बाहेर उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिला भाभी म्हणायची. ती आत आली आणि म्हणाली, "ताई, दूध तर उतू घाला. घराला आगीची वळख नको का?"

मी स्टोव्ह पेटवला. नवीन पातेल्यात दूध ठेवलं. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत उभ्या राहिलो. दूध वर आलं, सगळ्या बाजूंनी सांडलं, स्टोव्ह फुरफुरून विझला. भाभीला हसू आलं आणि मला रडू. उरलेल्या दुधात साखर घालून आम्ही तिघांनी ते प्यायलं. मिस्त्री पायरीवर बसूनच प्याले, आत या म्हटलं तर म्हणाले, "माझं घर हाय, मला काय बघायचंय त्यात!"

त्यांचं काम आखाडात संपलं. इचलकरंजीला दुसरं बांधकाम मिळालं. जाण्याआधी मिस्त्रींनी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला लागून एक छोटा हौद बांधून दिला. विहिरीचा पंप चालू झाला की नळीनं तो भरून घ्यायचा, म्हणजे मला बादल्या उचलायला नकोत. मग शेड उतरवली, पत्रे गाडीवर गेले, आणि शेडच्या जागी जमिनीचा एक पांढुरका चौकोन राहिला.

आणि मग मला कळलं की माझ्या कागदावर एक गोष्ट लिहायचीच राहून गेली होती. आठातली सात घरं विकली गेली होती, पण माझ्याशिवाय राहायला कुणी आलं नाही. दोन नंबर एका जवानाचं, तो सरहद्दीवर आणि बायको गावाकडं सासूजवळ. चार नंबरवाले मास्तर रिटायर झाल्यावर येणार होते. पाच आणि सहा एका दुकानदारानं मुलांसाठी घेऊन ठेवली होती. आठ नंबर शेठनं स्वतःकडंच ठेवून त्यात पोती भरली. बाकीच्यांची तर मी तोंडंही बघितली नव्हती. प्रत्येक दाराला नवं कुलूप, प्रत्येक खिडकी बंद. रस्ता कसा, माती कशी, पाणी किती, सगळं मी विचारलं होतं. शेजारी कधी येणार हे विचारायचं कुणाला सुचतं?

दिवसभर मी कानाला हेडफोन लावून बोलत असे. "सातारा बोला", "कराड, तुमचा नंबर लागलाय", "तीन मिनिटं झाली". कुणाच्या मुलीला दिवस गेलेत, कुणाचा गूळ अडकलाय, सगळं कानावरून जायचं. पाळी संपवून घरी आले, कडी काढली, की दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा सर्दीनं तीन दिवस रजा घेतली. चौथ्या दिवशी बोर्डवर बसले आणि पहिला कॉल आला तर आवाजच फुटेना. खाकरून बोलावं लागलं. पुढं पुढं मी कुलूप उघडताना मोठ्यानं "आले" म्हणायला लागले. कुणी ऐकलं तर वेडी म्हणतील असं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की ऐकायला कुणी नाही.

दुसऱ्या वर्षी माघात मी शेठच्या पेढीवर जाऊन आले. घर परत घेता का, असं विचारलं. ते हिशेब करून म्हणाले, "घेतो. पण अजून रस्ता नाही, दिवे नाहीत. दोन हजार कमी पडतील." विचार करून सांगते म्हटलं. मनात ठरलंच होतं.

त्याच आठवड्यात भावजय आली. एकटी. आधी पत्र नाही, काही नाही. मी दुपारी घरी आले तर ती पायरीवर बसलेली, मांडीवर घेवड्याची पिशवी.

"आवं वन्सं, किती लांब हाय हे!" ती म्हणाली. "दोघातिघांना इचारत आले. समदीकडं कुलपं बगून मला वाटलं, चुकलेच मी."

"तो कुठं आहे?"

"त्यांना चिठ्ठी ठिवलीया. चार दिस ऱ्हाते म्हनून."

पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. मी ड्यूटीवरून यायची तेव्हा भाकरी केलेली असायची आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी घेवडा निवडताना ती आपणहून बोलली.

"घरभरनीला मला यायचं हुतं. लुगडं काढून ठिवलं हुतं. ह्यांनी न्हाई म्हनलं."



"ती माडी मीच ह्यांच्या डोसक्यात घातली हुती, वन्सं."

"मला तेव्हाच वाटलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज कडक निघाला असावा.

"तुमाला वाटलं पैशासाठी." तिनं सूप खाली ठेवलं. "हे सकाळी जात्यात, राती येत्यात. जेवत्यात आन् झोपत्यात. पोर न्हाई, बाळ न्हाई. तुमी कायमच्या आला असता तर मला बोलाय मानूस झालं असतं. म्हनून म्हनलं माडी काढा."

नऊ वर्षं ती माझी भावजय होती. सणाला मी जायची, ती वाढायची, मी जेवायची, आम्ही एकमेकींना "बरं आहे ना" विचारायचो. मी तिच्याबद्दल याहून काही जाणत नव्हते. मी सूप आमच्या दोघींच्या मध्ये ओढलं. आम्ही सगळा घेवडा निवडला.

पाचव्या दिवशी मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले. ती माझ्या चालीनं हळू चालली. बस आल्यावर म्हणाली, "इकू नका. मला यायला एक घर ऱ्हाऊ द्या." शेठकडं गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं असेल, माझ्या तोंडावरूनच कळलं असेल.

मी विकलं नाही. ती दर वर्षी माघात चार दिवस यायची. भाऊ एकदाच आला. घरभर फिरला, भिंतींवरून हात फिरवला, "काम चांगलं आहे" म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. इतर दिवस जसे होते तसेच राहिले.

चौथ्या वर्षी शेजारच्या दोन नंबरचं कुलूप निघालं. जवानाची बायको दोन मुलं घेऊन राहायला आली. भांड्यांचा आवाज, मुलांची रडारड, सगळं भिंतीतून ऐकू यायला लागलं. मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकायची. तिसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन दारात आली. पंचविशीची असेल, पदर खोचलेला, घामाघूम.

"आक्का, जरा साखर हाय का?"

मी वाटी शिगोशीग भरून दिली. ती क्षणभर उंबऱ्याशी थांबली. घरात नजर टाकली, माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. ती "येते" म्हणून गेली. दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं, तिला बस म्हणायचं राहूनच गेलं.