वाफा तं म्या उपटला

सुनेने लसणाच्या पेस्टची पुडी कापली आणि तो कच्चा, तिखट वास घरभर पसरला. मला आठवले ते मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या माणसाची चीड अजून शिळी झालेली नाही.

अमडापूरला न्हाणीच्या सांडपाण्यावर मायने लसणाचा वाफा धरला होता. माघात पात हातभर झाली, तेवढ्यात मोठेबाबांनी तुळशीची माळ घातली. लसूण दारात नको म्हणाले आणि वाफा उपटायला लावला. गड्ड्यांत अजून पाकळ्याही पडल्या नव्हत्या. माय एकेक रोप उपटून पांढऱ्या मुळांची ओली माती झटकत होती, आणि हे ओट्यावर बसून अभंग म्हणत होते.

त्याच संध्याकाळी ते बाजारातून आले, ताटावर बसले आणि भाकरीला हात लावायच्या आधीच त्यांनी लांब ढेकर दिला. लसणाच्या ठेच्याचा वास पार माझ्यापर्यंत आला.

भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बाईने बोलायची रीत नव्हती. मायने पदर पुढे ओढला आणि ती चुलीशी बोलली, "सांग व चुलीबाई, वाफा तं म्या उपटला. मंग हा लसनाचा वास कुठून येऊन राह्यला?"

मोठेबाबांनी मान वर न करता माझ्याकडे पाणी मागितलं.

तेव्हा मी फ्रॉकचा कोपरा तोंडात कोंबून हसले होते. आता हसू येत नाही. असल्या भोंदू माणसाला एवढं विचारायलाही माझ्या मायला चुलीचा आडोसा घ्यावा लागला, आणि वर त्याच्याच ताटात गरम भाकरी वाढावी लागली.