थोरलीचा दोष नव्हता

लेन्स हातात घेतली की ते आधी कानाला लावायचे. डोळ्याला नाही, कानाला. मग अंगठ्यानं तिचं कडं हळूहळू फिरवायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. आत धुळीचा एखादा कण असला तर कुरकुरतो म्हणे. त्या शेवटच्या रविवारी दुपारी धारच्या त्यांच्या स्टुडिओत आम्ही हेच करत बसलो होतो. सतरंजीवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं होतं आणि त्यावर सात लेन्स ओळीनं मांडल्या होत्या. त्यांचा खांदा दुखायचा, तीन लेन्सपेक्षा जास्त वजन बॅगेत झेपत नव्हतं. म्हणून तीन ठेवायच्या आणि चार दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पुतण्या इंदूरला विकायला नेणार, असं ठरलं होतं.

समोरचा चहावाला ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "भिया ने तो आज पूरी दुकान बिछा दी."

"दुकान नव्हे," ते म्हणाले. "मुली दाखवायला बसवल्या आहेत. तुला एखादी पसंत पडते का पाहा."

चहावाला मराठी माणूस नव्हे, पण त्यांचं मराठी ऐकून ऐकून त्याला कळायचं. तो हसत गेला. मी हसलो नाही. मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती सांगायची की नाही ते माझं ठरत नव्हतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. दुकानाच्या पाटीवरही नव्हतं, नुसतं 'फोटो' एवढंच होतं. सगळं गाव त्यांना भिया म्हणायचं, मीपण म्हणायचो. ते मला मिस्त्री म्हणायचे. तुमच्याही गावात असा एखादा फोटोवाला असेल, लग्नात सगळ्यांच्या पुढे आणि जेवायला सगळ्यांच्या मागे. पण असं मराठी बोलणारा नसेल. त्यांचं घराणं जुन्या दरबारातलं. दरबार गेला, वतन गेलं, बोलणं तेवढं राहिलं.

मी कराडकडचा. सातवीला शाळा सोडली, लेथवर हात बसला, आणि देवासला कारखाने निघाले तेव्हा कामाला आलो. नव्वदच्या पुढेमागे आमच्या कारखान्याचं कॅलेंडर निघायचं होतं, त्याचे फोटो काढायला ते आले. गळ्यात तो मोठ्या रोलचा कॅमेरा, हा एवढा, विटेसारखा. मला म्हणाले, "आपण यंत्राशी उभे राहावे. आम्हांस उजेड हवा आहे." मला वाटलं, हा बुवा माझी चेष्टा करतोय. मी म्हणालो, उजेड हवा तर बाहेर जा. ते शांतपणे म्हणाले, "बाहेरचा नको. आपल्या तोंडावरचा हवा."

सुपरवायझर मागून ओरडत होता, मशीन पूर्ण आलं पाहिजे. त्यांनी वर न बघता सांगितलं, "आधी डोळा. यंत्र मागून दिसेल."

हे त्यांचं कायमचं. आधी डोळा. मनावर गावातल्या एका लग्नात नवरीची मावशी हट्टाला पेटली, हार नीट दिसला पाहिजे म्हणून. त्यांनी सांगितलं, हार सराफाकडे रोज दिसतो बाई, आधी डोळा. मावशीनं जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे पाठ केली. फोटो आल्यावर बघितलं तर पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्या दिवशी मांडवात कुणालाच दिसलं नव्हतं. मावशीनं मग दोन प्रती मागून नेल्या. त्यातली एक हारासाठी नेली की काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "मिस्त्री, आपण फार कडू बोलता."

कॅमेऱ्याचा स्क्रू गेला, स्टँडचा पाय ढिला झाला, की ते बस पकडून देवासला यायचे. लेन्स लोकरीच्या पायमोज्यांत घालून आणायचे. माझी बायको त्यांना थालीपीठ करून घालायची. तिसरं वाढायला लागली की म्हणायचे, "वहिनीसाहेब, आपण अन्याय करता. आम्हांस देवानं पोट एकच दिलं आहे." ती पदर तोंडाला लावून हसायची आणि मला म्हणायची, अहो, असं बोलायला शिका जरा. मी म्हणायचो, मी असं बोललो तर तूच डॉक्टरला बोलावशील.

लेन्सांना त्यांनी नावं दिली होती. एक पंगत, म्हणजे लग्नाची अख्खी पंगत मावेल अशी रुंद. एक दुर्बीण. एक मधली. आणि जी त्यांच्या सगळ्यांत जिवाची, माणसाच्या चेहऱ्यासाठीची, ती थोरली. थोरली पूर्ण उघडली की चेहऱ्याचा बोटभर थरच लख्ख दिसतो, पुढचं-मागचं सगळं विरघळतं. म्हणून तिच्यात डोळा धरायला माणूस तयारीचा लागतो. बाकीच्या लेन्स चूक पोटात घालतात, थोरली घालत नाही.

पुढे दोन हजार सालानंतर रोल धुणाऱ्या लॅब बंद पडत गेल्या. त्यांचा पुतण्या इंदूरला फोटोच्या धंद्यात होता, चाळिशीचा गृहस्थ. त्यानं मुंबईच्या कुठल्याशा जाहिरातवाल्या स्टुडिओनं टाकून दिलेली एक डिजिटल डबी आणली. मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे रोलच्या जागी ही बसवायची, वायर लॅपटॉपला जोडायची, की फोटो थेट पडद्यावर. पण डबी दुसऱ्या कॅमेऱ्याची होती, ह्यांच्या कॅमेऱ्याला बसेना. मग ते माझ्याकडे आले. मी तेव्हा रिटायर होऊन घरामागच्या शेडमध्ये छोटा लेथ टाकला होता.

कॅमेरा आणि डबी यांच्यामध्ये बसेल अशी एक प्लेट करायची होती. ती जाड झाली की डबी मागे जाते आणि कॅमेऱ्यात डोळ्याला दिसतं एक, फोटोत येतं दुसरं. मला हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तीन आठवडे लागले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप आणलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं चोख काम केलं नव्हतं.

बसवून बघितलं तर फटीतून उजेड आत येत होता, फोटोवर जांभळा ओरखडा पडायचा. बायको दारात उभी होती. म्हणाली, काळं कापड लावा की मध्ये. आणि तिच्या जुन्या मखमलीच्या ब्लाउजची पट्टी स्वतः कापून दिली. मी ती प्लेटवर चिकटवली. ओरखडा गेला. प्लेट पुन्हा मापली नाही. आम्ही लेथवाले धातू मोजतो, कापड कुठे मोजतो?

पहिला फोटो तिचाच काढला, थोरलीनं. ती तेव्हा आजारी होती, पण नाकात चमकी घालून खुर्चीवर ताठ बसली. ते म्हणाले, "वहिनीसाहेब, कॅमेऱ्याकडे नको. मिस्त्रींकडे पाहावे, म्हणजे राग येईल आणि चेहऱ्यावर तेज येईल." ती हसली. तोच फोटो.

मोठा करून आणला. चमकीचा खडा न् खडा दिसत होता. डोळे मात्र वाफेपलीकडे असल्यासारखे. म्हणाले, पुन्हा काढू. ती म्हणाली, पुन्हा कशाला भावजी, सुरकुत्या गेल्या, बरंच झालं. दोन महिन्यांत ती गेली. घरात तिचा मोठा फोटो तेवढाच.

तेराव्याला ते आले. फोटोसमोर उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हात जोडले.

"मिस्त्री, क्षमा असावी. डोळा आमचा चुकला. वहिनीसाहेबांचे डोळे आम्ही घालवले."

मला तेव्हा खरं ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणालो, "जाऊ द्या भिया. वय झालं तुमचं."

तुम्ही म्हणाल, दुःखात माणूस बोलतो. बोलतो. पण ते वाक्य त्यांनी घरी नेलं. इंदूरला जाऊन डोळे तपासले. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं उत्तम आहेत. त्यांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. लग्नं घेणं बंद केलं. थोरलीनं धारजवळच्या नालछ्याच्या रस्त्यावर गुरं हाकणाऱ्यांचे चेहरे टिपायला जायचे, तेही सोडलं.

त्या रविवारच्या आठ दिवस आधी ते प्लेट घेऊन देवासला आले होते. मखमलीचा एक कोपरा सुटला होता. मी शेडमध्ये गेलो, आणि हाताच्या सवयीनं मायक्रोमीटर लावला, कापडासकट. पाव मिलिमीटर जास्त.

मी पुन्हा मोजलं. तेवढंच. डबी पाव मिलिमीटर मागे बसत होती. ते धरत होते डोळा, येत होती चमकी. त्यांच्या डोळ्याला काही झालंच नव्हतं.

ते बाहेर पायरीवर बसून वाट बघत होते. मी काय केलं? कोपऱ्याला गोंद लावला, कापड दाबून बसवलं आणि प्लेट त्यांच्या हातात दिली. म्हणालो, झालं. ते म्हणाले, "आपला हात म्हणजे हात."

का केलं असं, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. एक म्हणजे, ते कापड तिचं होतं, तिनं सुचवलेलं. मेलेल्या बाईवर चूक कशाला ढकलायची, असं मी मनाला समजावलं. पण ती सबब. चूक तिची नव्हती, माप घेणं माझं काम होतं. खरं कारण अब्रूचं. त्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले होते आणि मी त्याची माफी घेऊन ठेवली होती. ती परत कशी करतात, ते मला येत नव्हतं.

तर तो रविवार. त्यांनी कॅमेरा स्टँडवर चढवला. समोरच्या भिंतीवर नालछ्याच्या एका म्हातारीचा त्यांनीच काढलेला जुना फोटो होता. कुठलीही लेन्स तपासायची तर तिच्या डोळ्यावर. एकेक लेन्स लावत होते, दोन बोटांनी लॅपटॉप चालवत होते. पंगत बरी आली. मधली बरी. दुर्बीणही चालेल. तीन लेन्स झाल्या की, असं मी म्हणालो. ते म्हणाले, थोरली राहिली.

थोरली लावली. इतका वेळ त्यांनी कुठल्याच लेन्सला दिला नाही. श्वास धरून कडं फिरवत होते, केसभर इकडे, केसभर तिकडे. मग बटण दाबलं. पडद्यावर म्हातारी आली, धुक्यातली. भिंतीवरची म्हातारी माझ्याकडे बघत होती आणि पडद्यावरची कुणाकडेच नाही.

ते चष्मा काढून बसले. "तिचा दोष नाही," म्हणाले. "डोळा गेला आमचा. ज्याला दिसतं त्याच्या हाती जावी."

माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "आपण खरं बोललात त्या दिवशी म्हणून बरं. दुसरा कुणी तोंडावर बोलला नसता." आणि मी ते गिळून पायमोजे पुढे ओढले.

तीन लेन्स बॅगेत गेल्या, तीन पायमोज्यांत. थोरली त्यांनी कॅमेऱ्यावरून काढलीच नाही. म्हणाले, "उद्या जायचंच आहे. आजच्या दिवस राहू दे तिला तिथे." मला बसपर्यंत पोचवायला आले. बस हलली तरी हात वर केलेलाच.

घरी येऊन मी बायकोच्या फोटोसमोर बसलो. तिला सगळं सांगितलं. जिवंतपणी मी तिला एवढं सलग कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी पहिल्या बसनं निघालो. खिशात ब्लेड आणि स्क्रूड्रायव्हर. इंदूरला बस बदलली. वाटेत बोलायचं काय, ते घोकत होतो. दुकानाशी आलो तर शटर अर्धं वर आणि बाहेर चपला. चहावाला माझ्याकडे आला. म्हणाला, "मिस्त्रीजी, भिया गए. सुबह चाय लेके गया, तो उठे ही नहीं."

मागच्या अंगणात त्यांना निजवलं होतं. माणसं जमत होती. पुतण्या लेन्स न्यायला म्हणून निघाला होता, तो ह्यात येऊन पोचला होता. मी अंगणात गेलो नाही. आधी स्टुडिओत गेलो. कॅमेरा स्टँडवर तसाच होता, थोरली लावलेली, तोंड म्हातारीकडे. मी डबी काढली, प्लेट काढली. ब्लेडनं ती मखमल खरवडून काढली, धातू दिसेपर्यंत. लेन्सच्या कड्याला हात लावला नाही. ते त्यांनी ठेवलं होतं तिथेच होतं. प्लेट बसवली, डबी बसवली आणि पुतण्याला हाक मारली. म्हणालो, हे चालू करून एक फोटो काढ.

"काका, अभी?"

"आत्ता."

त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण त्यानं काढला. पडद्यावर एका कडेला जांभळा ओरखडा होता आणि मध्ये म्हातारी. तिची पापणी न् पापणी मोजावी अशी. बुबुळात खिडकीसुद्धा होती.

"अरे, ये तो एकदम साफ है," तो म्हणाला. "चाचा तो बोले थे, नहीं दिखता अब."

"त्यांना दिसत होतं," मी म्हणालो. "कापड माझं होतं मध्ये."

तो माझ्या हातातल्या काळ्या चिंधीकडे बघत राहिला. मग त्याला कुणीतरी बाहेर बोलावलं. मी चिंधी खिशात घातली आणि त्याच्या मागोमाग अंगणात गेलो. लोक वाकून त्यांच्या पायाला हात लावत होते. मी आधी डोळ्यांकडे बघितलं. ते मिटलेले होते.